खुलभर दुधाचा नेम

श्रावणी सोमवारी आपण खुलभर दुधाची कहाणी ऐकत आलो आहोत. राजाच्या मनात येते की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली जाते. गावातले सारे दूध देवळात येते. घरोघरी लेकरांना आणि वासरांना थेंब उरत नाही, आणि तरीही गाभारा भरत नाही. दुपार टळायच्या बेताला एक म्हातारी येते. तिने आधी लेकरांना पाजलेले असते, वासरे तृप्त केलेली असतात, घरच्यांची जेवणे उरकलेली असतात. मग उरलेले खुलभर दूध ती मनोभावे वाहते आणि गाभारा काठोकाठ भरतो. राजाचा संकल्प मोठा होता, परंतु तो दुसऱ्यांच्या दुधावर केलेला होता. म्हातारीचा नेम लहान होता, परंतु तो तिच्या स्वतःच्या भांड्यातला होता.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी काही लिहावयाचे ठरले, तेव्हा मला ही कहाणी आठवली. अलीकडे सर्वत्र एक बोलणे ऐकू येते, की पृथ्वीचा भार हलका व्हावा, पाणी व जंगल उरावे, शेजाऱ्यालाही दोन घास मिळावेत, यासाठी प्रत्येकाने आपल्यापुरते काही ठरवावे. बोलणे खरे आहे. पण ठरवायचे कसे, किती, आणि ठरवलेले टिकायचे कशाने? याचे उत्तर परक्या पुस्तकात शोधण्याची आपल्याला गरज नाही. ते आपल्या घरात आहे आणि आपल्या वऱ्हाडच्या व महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे.

चातुर्मासाचा नेमच पाहा. आषाढी एकादशीला तो धरायचा आणि कार्तिकी एकादशीला सोडायचा, म्हणजे त्याला मुदत आहे. रोज इतक्या वाती, इतकी गोपद्मे, अमुक भाजी वर्ज्य, म्हणजे त्याला मोज आहे. शेजारणीला आणि सासूला तो ठाऊक असतो, म्हणजे त्याला साक्ष आहे. आणि शेवटी उद्यापन आहे, म्हणजे झाल्याचा हिशेब आहे. आपल्या आज्यापणज्यांना लिहिता येत नसेल, पण संकल्प कसा बांधावा हे त्यांना चांगले कळत होते. उणीव एकच होती. या नेमाचे फळ बहुधा आपल्या उंबरठ्याच्या आतच मागितले जाई: धन्याचे आयुष्य, मुलाबाळांचे सुख, घरची भरभराट. तेच व्रत उंबरठा ओलांडून बाहेर कसे गेले, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

पहिले पाऊल पुण्यात पडलेले दिसते. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, हे १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचे एक प्रमुख आधारस्तंभ होते. इंग्लंडातल्या गिरण्यांच्या कापडापुढे आपले कोष्टी व साळी देशोधडीला लागत होते. १८७२ साली काकांनी देशी वस्तूच वापरण्याची शपथ घेतली आणि ती अखेरपर्यंत पाळली. ते स्वतः सूत कातीत आणि जाडेभरडे हातसुताचे कपडे घालीत. १८७७ च्या दिल्ली दरबारात देशोदेशीचे राजेरजवाडे जरतारी पोषाखात मिरवत असता, काका त्याच खादीत उभे राहिले. गांधीजींच्या चरख्याला तेव्हा अजून चाळीस वर्षे अवकाश होता. एका माणसाच्या अंगावरच्या कपड्याने मँचेस्टरची गिरणी बंद पडत नाही, हे काकांना कळत नव्हते काय? कळत होते. परंतु दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपल्या अंगावर करून दाखवावे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव आपण स्त्रियांनी तरी विसरू नये. त्याच सुमारास त्यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा सुरू केली आणि हळदीकुंकवाला सर्व जातींच्या स्त्रियांना बोलावण्याची चाल पाडली. त्या काळात एका सतरंजीवर बसणे हेच मोठे धाडस होते. हळदीकुंकू जुनेच राहिले, त्याचा उंबरठा मात्र रुंद झाला. आज आपले मंडळ ज्या वाटेवरून चालते आहे, ती वाट कोणीतरी अशी घालून दिलेली आहे.

पुढचा टप्पा महात्मा गांधींचा. त्यांच्या मोठ्या व्रतांबद्दल आपण सर्वांनी ऐकले आहे. मला त्यांचा एक लहान नेम सांगावासा वाटतो. १९१५ साली ते हरिद्वारच्या कुंभमेळ्याला गेले होते. जिथे जावे तिथे यजमान त्यांच्यासाठी पदार्थांची रास मांडीत, खर्च करीत आणि स्वतःला शिणवून घेत. ते पाहून त्यांनी ठरवले की चोवीस तासांत पाचांहून अधिक जिन्नस खावयाचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवावयाचे नाही. औषध घ्यावे लागले तर तेही या पाचांत धरावयाचे. नेम स्वतःच्या जिभेवर होता, पण त्याची विश्रांती मिळाली ती यजमानांच्या स्वयंपाकघराला. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्यांचा दुसरा नेम मोडला, तोही सांगितला पाहिजे. नाहीतर इतिहास अर्धा राहील. गाईम्हशींचे दूध काढताना त्यांचे जे हाल केले जात, त्यांमुळे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच दूध सोडले होते. १९१८ साली ते अत्यंत आजारी पडले. पुढल्या वर्षाच्या आरंभी डॉक्टरांनी सांगितले की दुधावाचून अंगात शक्ती येणार नाही. गांधीजी म्हणाले, माझे व्रत आहे. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली की व्रत गाईम्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते मानले. पण आपण व्रताचा शब्द राखला आणि मर्म गमावले, ही टोचणी त्यांनी आपल्या आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवली. मला यात दोन्ही माणसे थोर वाटतात. कस्तुरबांना नेमापेक्षा माणूस मोठा वाटला, आणि गांधीजींनी आपली तूट झाकली नाही. ज्याचा नेम चुकला त्याने तो टाकून द्यावयाचा नसतो. चूक मोकळेपणाने मान्य करून पुन्हा धरावयाचा असतो.

१९३४ पासून गांधीजी वर्ध्याला राहिले आणि १९३६ साली जवळच्या शेगावात गेले. त्या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. आपल्या विदर्भाच्या मातीत त्या काळी साध्या राहणीची जणू शाळाच भरली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहात. हे गृहस्थ परदेशात शिकलेले हिशेबतपासनीस होते. मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या या माणसाने पुढे निसर्गाचा हिशेब मांडला. तुरुंगात असताना लिहिलेल्या आपल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या ग्रंथात त्यांनी टिकाऊ अर्थव्यवहाराचा विचार केला. त्यांच्या विचारसरणीतला एक भेद तर प्रत्येक गृहिणीने ध्यानी ठेवावा असा आहे. काही संपत्ती साठ्याची असते. कोळसा, तेल, खनिजे ही काढली तितकी कमी होतात. काही संपत्ती वाहती असते. झाडाचे फळ, शेताचे पीक, पावसाचे पाणी हे दर वर्षी पुन्हा येते. साठा उपसून जगणारा समाज आज ना उद्या भांडणात पडतो. प्रवाहावर जगणारा समाज टिकतो.

ही गोष्ट आपल्या घरात आणून पाहू. कणगीतले धान्य हा साठा आणि शेतातले पीक हा प्रवाह. बियाण्याचे दाणे दळून खाणाऱ्या घराला आपण शहाणे म्हणत नाही. बोअरच्या पाण्याचेही तेच आहे. पावसाने जितके जमिनीत मुरले, तितकेच आपले. त्याहून खोल जाऊन उपसले ते पुढच्या पिढीच्या कणगीतले. आज ज्याला शाश्वत जीवनशैली म्हणतात, त्याचा सगळा गाभा या दोन वाक्यांत आला.

याच वर्ध्याच्या एका स्त्रीने नेमाला फार मोठे रूप दिले. जानकीदेवी बजाज यांचा जन्म १८९३ सालचा. आठव्या वर्षी लग्न होऊन त्या श्रीमंत बजाज घराण्यात आल्या. अंगभर सोने, डोक्यावर पदर, घराबाहेर पाऊल नाही, अशी ती रीत. पती जमनालालजी गांधीजींच्या विचारांकडे ओढले गेले. जानकीदेवींनी वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमारास सोन्याचे दागिने उतरवले, पुढे पडदा सोडला आणि १९२१ च्या स्वदेशीच्या लाटेत घरातली विलायती व रेशमी वस्त्रे होळीत टाकून खादी धरली. १९२८ च्या जुलैत वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बंधुभगिनींना खुले झाले, त्या प्रसंगी त्या पतीच्या बरोबरीने उभ्या होत्या. १९४२ साली जमनालालजी वारले. त्यानंतर जानकीदेवींनी गोसेवेचे काम अंगावर घेतले, विनोबांच्या भूदानात आणि कूपदानात, म्हणजे विहिरी दान मिळविण्याच्या कामात, त्या हिंडल्या. १९५६ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे की त्यांनी सारे एकदम सोडले नाही. आधी दागिने, मग पडदा, मग वस्त्रे, मग शिवाशिव. एक पायरी पक्की झाल्यावर दुसरी.

ज्याच्याजवळ सोडायला काहीच नव्हते, त्यानेही नेम धरला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हे आपल्या वऱ्हाडचेच. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. गावात आले की आधी गाव झाडावयाचे, काम केल्यावरच भाकरी मागावयाची, आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारावयाचे. कर्ज काढून सण-लग्ने का करता? नवसाला मुके जनावर का मारता? दारूत घर का बुडवता? मुलांना शाळेत का घालत नाही? त्यांच्या प्रेरणेने लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण ते स्वतः त्यांत आरामाला राहिले नाहीत. १९५६ च्या डिसेंबरात ते वारले. पुढे २००० साली महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा त्याला त्यांचेच नाव दिले. सरकारी अभियानाच्या मुळाशी एका माणसाचा रोजचा खराटा आहे, हे आपण लक्षात ठेवावे.

आता मी त्या प्रयोगाकडे येते, जो मला आपल्या मंडळासाठी सर्वांत जवळचा वाटतो. पवनारच्या विनोबा भाव्यांनी १९५१ साली भूदान सुरू केले. पण ज्याच्याजवळ जमीनच नाही त्याने काय द्यावे? आणि ज्या माउलीच्या नावावर सातबाराच नाही, तिने काय द्यावे? १९५७-५८ च्या सुमारास विनोबांनी सर्वोदयपात्राची कल्पना मांडली. प्रत्येक घरी एक भांडे ठेवावे आणि त्यात रोज एक मूठ धान्य टाकावे. ते धान्य समाजाच्या कामासाठी जावे. आणि ती मूठ कोणाची? आईची नव्हे, घरातल्या लहान मुलाची. आईची मूठ मोठी, तिने धान्य जास्त जमेल हे विनोबांनाही ठाऊक होते. परंतु त्यांना धान्यापेक्षा ती सवय हवी होती. आपण जेवण्यापूर्वी कोणासाठी तरी मूठभर काढून ठेवावयाचे असते, हे मुलाच्या हाताला कळावे, हा त्यामागचा भाव.

थोडा हिशेब करून पाहू. मुलाची मूठ २५ ग्रॅमची धरली तर वर्षाचे ९ किलोंहून अधिक धान्य होते. शंभर घरांचे ९ क्विंटल! खुलभर दुधाने गाभारा भरतो तो असा. पुढे ही चाल फार ठिकाणी टिकली नाही. धान्य गोळा करणारा हात थांबला की ते भांडे हळूहळू इतर डब्यांत जाऊन बसते. म्हणून मला वाटते, की नेम घरात धरला तरी त्याची वही मंडळात असावी.

हा सारा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच जिल्ह्यातली अलीकडची गोष्ट सांगते. २०१५ साली वाशीम जिल्ह्यातल्या सायखेडा गावच्या एका भगिनीने आपले मंगळसूत्र विकून घरी शौचालय बांधले. वर्तमानपत्रांतून ती बातमी देशभर गेली, राज्याच्या तेव्हाच्या ग्रामविकास मंत्र्यांनी तिचा सत्कार केला. जानकीदेवींनीही सोने उतरवले आणि या भगिनीनेही. पण दोघींच्या सोन्यात फरक आहे. एकीच्या घरी तिजोरी होती, दुसरीच्या गळ्यात होते तेवढेच. आपण त्या बाईचे कौतुक करावे, जरूर करावे. परंतु कौतुक करताना मान खालीही घालावी. शौचालय हे सगळ्या घराचे, सगळ्या गावाचे काम. त्यासाठी एकट्या बाईच्या गळ्यातले सौभाग्यलेणे का जावे? कहाणीतल्या राजाची चूक हीच, की संकल्प त्याचा आणि दूध दुसऱ्याचे. घराने स्वच्छतेचा, पाण्याचा, काटकसरीचा संकल्प करावयाचा आणि त्याचे ओझे सुनेने एकटीने वाहावयाचे, असे आपल्याकडे फार वेळा होते. प्लास्टिक नको म्हणून पिशवी शिवणार ती, ओला-सुका कचरा वेगळा करणार ती, पाणी जपून वापरणार ती. मग बाकीच्यांनी काय फक्त टाळ्या वाजवावयाच्या?

भगिनींनो, या इतिहासातून मला नेमाच्या तीन कसोट्या सापडल्या. नेम आपल्या भांड्यातला असावा, दुसऱ्याच्या कष्टावर नसावा. नेमाला मुदत आणि मोज असावी. आणि त्याचे फळ उंबरठ्याबाहेर कोणाला तरी मिळावे. जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे आपले साधे शेतकऱ्यांचे गाव. आपल्याला दिल्ली दरबारी जावयाचे नाही. आपल्या हातात आहे तेवढ्यातून निवडू.

संक्रांतीचे वाण घ्या. गेली कित्येक वर्षे आपण एकमेकींना प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या लुटतो. त्या फुटून उकिरड्यावर जातात, तिथून नाल्यात आणि जनावरांच्या पोटात. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी आली, पण कायदा एकटा पुरा पडत नाही. वाण म्हणून जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी, मूठभर देशी ज्वारीचे बी, वाल-दोडक्याच्या बिया दिल्या तर काय बिघडते? आपल्या रानात पळस उदंड आहे. त्याच्या पत्रावळीवर आपल्या आजोबांच्या पंगती उठल्या. त्या उष्ट्या पत्रावळीचे उकिरड्यावर खतच होते, थर्माकोलचे होत नाही. लग्नकार्यात ताटातले उष्टे कमी पडावे म्हणून आग्रह कमी करणे, हाही एक नेम आहे. मुलीकडच्यांना ऋण काढावयास लावणाऱ्या मानपानाला नाही म्हणणे, हा तर गाडगेबाबांचाच नेम.

पाण्याचे आणि अन्नाचेही असेच. मोरीचे पाणी रस्त्यावर न सोडता परसातल्या अळूला आणि केळीला द्यावे, किंवा शोषखड्ड्यात मुरवावे. पागोळ्यांचे पाणी विहिरीकडे वळवावे. आपल्या शिवारात आता सोयाबीनच सोयाबीन झाले आहे आणि ज्वारी ताटातून हळूहळू उठून गेली आहे. आठवड्यातून ठरलेले दोन दिवस घरात भाकरी करावी. ज्वारीला गिऱ्हाईक उरले तर ती शेतात उरेल, आणि ती उरली तर गुरांना कडबा उरेल.

यांतले सगळे कोणी एकीने अंगावर घेऊ नये. एका घराने एकच नेम धरावा, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून धरावा. नवऱ्याच्या वाट्याला काय, मुलाच्या वाट्याला काय, हे पहिल्याच दिवशी ठरावे. मुदत चार महिन्यांची असावी, आपल्या जुन्या चातुर्मासासारखी. मंडळात एक साधी वही ठेवू. तीत घराचे नाव आणि त्यापुढे नेम लिहू. दर महिन्याच्या बैठकीत ज्याचे त्याने येऊन सांगावे की इतके झाले, इतके चुकले. चुकलेले सांगताना लाजू नये, कारण शेळीच्या दुधाची गोष्ट आपण वाचली आहे. आणि कार्तिकी एकादशीला सगळ्यांचे मिळून उद्यापन करू. पळसाच्या पत्रावळीवर पिठले-भाकरीचे जेवण, आणि जमलेल्या मूठ-मूठ धान्यातून गावातल्या ज्या घरी त्या वर्षी चूल अडली असेल, तिथे न बोलता पोचवलेले एक पोते.

कहाणीतली म्हातारी देवळात आली तेव्हा तिच्या घरी कोणी उपाशी नव्हते. तिच्या भक्तीइतकीच ही गोष्टही मला मोलाची वाटते. आधी घरातले लेकरू, गोठ्यातले वासरू, मग देव. आपले नेमही याच क्रमाने चालोत. पुढच्या वर्धापनदिनी या स्मरणिकेत कोणी लेख लिहील, तेव्हा तिला इतिहासासाठी पुण्या-वर्ध्याला जावे लागू नये. आपल्या मंडळाची वही उघडली की पुरे व्हावे, एवढीच इच्छा.